हात न लागता गेलेली एकतीस वर्षं

१

ओट्यावरच्या ताटलीत ठेवलेला फोन थरथरला आणि त्याच्या शेजारचा चमचा ताटलीवर किणकिणत सुटला.

तिने धावत जाऊन आधी चमचा धरला, मग फोन. घरातली शांतता मोठ्या मुश्किलीने जमवलेली होती. वकीलबाई नुकत्याच झोपल्या होत्या. वकीलबाई म्हणजे तिची पाच वर्षांची लेक. दिसेल त्याची उलटतपासणी घेते, म्हणून बाबाने ठेवलेलं नाव. दुपारी एक ते अडीच हा तिच्या झोपेचा वेळ. तेवढ्या वेळात आई एका भूकंप वेधशाळेचा सर्व्हर सांभाळायची. सर्व्हर म्हणजे शेकडो कपाटांची एक खोली असं धरलं, तर कुठलं कपाट कुणाचं, कुणी उघडायचं, कुणी नुसतं बघायचं आणि कुणी त्याच्या वाटेलाही जायचं नाही, हे ठरवण्याचं काम तिचं. दीड तासात ते व्हायचं. कधी दहा मिनिटांत उरकावं लागायचं.

"ताई, चोरी झालीय," वेधशाळेचे साहेब म्हणाले.

"सर्व्हर तर चालू आहे, साहेब. सकाळीच बघितला मी."

"सर्व्हर जागेवरच आहे. थोरल्यांची एकतीस वर्षं गेली."

थोरल्यांना ती एकदाच भेटली होती, पण त्यांचं काम तिला ठाऊक होतं. जमीन सतत बारीक थरथरत असते. आपल्याला ते कळत नाही, पण तळघरातल्या यंत्राला कळतं. ती थरथर थोरल्यांनी एकतीस वर्षं, एकही दिवस न चुकवता, टिपून ठेवली होती. अकरा हजार तीनशे नोंदी. दहा महिन्यांपूर्वी ते गेले. त्यांच्या आठवणीसाठी त्या नोंदींची सूची छापायची ठरली होती. तारीख, वेळ आणि नोंद कुणाची, हे सगळं सर्व्हरनेच काढून द्यायचं.

"कच्ची प्रत काल काकूंकडे पाठवली," साहेब म्हणाले. काकू म्हणजे थोरल्यांची बायको. "सकाळी त्यांचा फोन आला. रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. फक्त विचारलं, ही मुलगी कोण? पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत थोरल्यांचं नाव एकदाही नाही. सगळीकडे आपल्या नव्या मुलीचं. तिला इथे येऊन तीन आठवडे झालेत, ताई. पहिल्या सात वर्षांच्या नोंदी तर तिच्या जन्माच्या आधीच्या आहेत."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला आणि स्वयंपाकघराचं दार हळूच लोटून घेतलं.

"पाच वाजता मी तिला कामावरून काढल्याचं पत्र देणार आहे," साहेब म्हणाले. "त्याआधी तिने हे कसं केलं, तेवढं सांगा."

"आणि तिने केलंच नसेल तर?"

"मग कुणी केलं? नोंदीचा मालक बदलायला मुख्य किल्ली लागते. ती तिघांकडे आहे. मी, सूचीकाका आणि तुम्ही."

२

तिने स्वयंपाकघरातच बैठक मारली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला.

मुख्य किल्ली कधी कुणी वापरली, हे सर्व्हर लिहून ठेवतो. साहेबांनी ती वर्षभरात वापरली नव्हती. सूचीकाकांनी कधीच नाही. गेल्या दोन महिन्यांत ती एकदाच फिरली होती, तीन आठवड्यांपूर्वी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. फिरवणारी ती स्वतः. नव्या मुलीचं अकाउंट उघडताना.

ती दुपार तिला आठवली. वकीलबाई झोपेतून उठून मांडीवर चढून बसल्या होत्या आणि एका हाताने तिने फॉर्म भरला होता. नाव, हुद्दा, खुंटी क्रमांक, पासवर्ड. चार मिनिटांत काम फत्ते. नोंदींना बोटही लावलं नव्हतं.

मग तिने नोंदीच उघडून बघितल्या. प्रत्येक फाइलवर सर्व्हर एक ठसा ठेवतो, शेवटचा बदल कधी झाला त्याचा. फाइल नुसती वाचली तर हा ठसा हलत नाही. पण मालक बदलला, परवानगी बदलली, एक अक्षर इकडचं तिकडे केलं, की त्या क्षणाची वेळ तिथे उमटते.

जुन्या नोंदींवरचे ठसे आठ वर्षांपूर्वीचे होते, हा सर्व्हर नवा आला तेव्हाचे. त्यानंतरचे रोज एक याप्रमाणे, सकाळी साडेसातच्या आसपासचे. एकामागून एक ते सरकत गेले आणि दहा महिन्यांपूर्वीच्या एका सकाळी थांबले. थोरले गेले त्याच्या आदल्या दिवशी.

त्यानंतर काही नाही. अकरा हजार तीनशे फाइलींपैकी एकीलाही दहा महिन्यांत कुणी हात लावला नव्हता.

ती बघतच राहिली. कुलूप शाबूत, दार बंद, धूळ जिथल्या तिथे. आणि आतला सगळा माल दुसऱ्याच्या नावावर.

"आई," झोपेने जड झालेला आवाज दारातून आला, "तू भूत बघितलंस का?"

"काहीसं तसंच," ती म्हणाली. "चपला घाल. आपल्याला जायचंय."

३

वेधशाळेत बाहेरचे जोडे घालून आत जाता येत नाही. दाराशी एक लांब फळी, फळीवर ओळीने पितळी खुंट्या, प्रत्येक खुंटीखाली आकडा. माणसाने आपल्या खुंटीला कोट अडकवायचा, खाली जोडे ठेवायचे आणि जाड कापडी सपाता घालायच्या. तळघरातलं यंत्र इतकं नाजूक, की वरच्या मजल्यावर कुणी टाचा आपटल्या तरी त्याला वाटतं जमीन हलली.

वकीलबाईंना पाहुण्यांच्या सपाता मिळाल्या. त्यांचे दोन्ही पाय एकाच सपातेत मावले असते. त्या बदकासारख्या चालू लागल्या आणि सगळी वेधशाळा श्वास रोखून त्यांच्या पायांकडे बघू लागली.

सूचीकाका कागदांच्या ढिगाआड बसले होते. फाइलींची सूची, जागांची वाटणी, खुंट्या, किल्ल्या, सगळं त्यांच्याकडे. थोरल्यांच्या हाताखाली त्यांनी वीस वर्षं काढली होती, आणि थोरल्यांची खुर्ची आपल्याला मिळेल असं त्यांना वाटलं होतं. मिळाली नव्या मुलीला.

"विचारा ना, बाई, सरळ विचारा," ते म्हणाले. "म्हाताऱ्याच्या पोटात दुखत असेल, म्हणून त्याने पोरीला अडकवलं. असंच ना?"

"दुखतंय का, काका?"

"दुखतंय तर." त्यांनी चष्मा पुसला. "पण थोरल्यांचं नाव पुसून माझं काय भलं होणार? त्यांच्या नावामागे कुठेतरी बारीक अक्षरात माझंही नाव आलं असतं. आता तेही गेलं."

हे तिला पटलं. "सूची याआधी कधी काढली होती?"

"तीन महिन्यांपूर्वी. ती तर भलतीच निघाली." त्यांनी ढिगातून एक बाड ओढून काढलं. "हे बघा. नावाच्या रकान्यात ना त्यांचं नाव, ना हिचं. नुसता आकडा. एक हजार सतरा, एक हजार सतरा, अकरा हजार वेळा. म्हटलं छपाईत काहीतरी घोळ झाला असेल, आणि ठेवून दिलं. या वेळी नावं आली, तेव्हा हायसं वाटलं. कुणाची आली, ते कोण बघतो एवढ्या पानांत?"

म्हणजे तीन महिन्यांपूर्वी या नोंदी कुणाच्याच नव्हत्या.

"तुमच्या जागी मी असतो, तर त्या पोरीला एकच गोष्ट विचारली असती," सूचीकाका हळूच म्हणाले. "थोरल्यांचं एक बंद फोल्डर आहे. त्यांच्याशिवाय कुणालाच परवानगी नव्हती. मी त्यांच्यामागे किती लागलो, पण दाखवलं नाही. परवा जाता जाता मी तिच्या पडद्यावर ते फोल्डर बघितलं. उघडं होतं."

४

नवी मुलगी तळघराच्या जिन्यावर, सगळ्यात वरच्या पायरीवर बसली होती. चोवीस वर्षांची, पण त्या क्षणी शाळेतून घरी पाठवलेल्या पोरीसारखी. वकीलबाई बोलावणं नसताना तिच्या शेजारी जाऊन बसल्या.

"तू चोर आहेस?"

"सगळे तसं म्हणतायत."

"तू काय म्हणतेस?"

मुलीला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. "मी म्हणते, मला काहीच माहीत नाही."

"बंद फोल्डर उघडलंस ना?" आईने विचारलं.

"ते बंद होतं?" ती गोंधळली. "ताई, पहिल्याच दिवशी माझ्या पडद्यावर ते माझ्या कामाबरोबर आलं. बोट ठेवलं, उघडलं. मला वाटलं, नव्या माणसाने ऐकावं म्हणून ठेवलं असेल. खोटं कशाला सांगू, मी रोज ऐकते. सकाळी कामाआधी. कुणाला बोलले नाही, कारण कसं सांगायचं ते कळत नव्हतं."

"काय आहे त्यात?"

"पावलं," ती म्हणाली.

रोज सकाळी थोरले हा जिना उतरून यंत्राजवळ जायचे. बावीस पायऱ्या. त्यांच्या पावलांनी यंत्र हलायचं, म्हणून नोंदीतला तेवढा तुकडा कापून टाकावा लागायचा. जमिनीची थरथर हवी असते, माणसाची नको. ते रोज कापायचे. पण कापलेला तुकडा त्यांनी टाकला नव्हता. एकेक करून त्या बंद फोल्डरमध्ये ठेवला होता. एकतीस वर्षांच्या सकाळी.

"सुरुवातीला ते दोन-दोन पायऱ्या एकदम उतरायचे," मुलगी म्हणाली. "मग एकेक. शेवटच्या वर्षात प्रत्येक पायरीवर थांबायचे. मी त्यांना कधी बघितलं नाही, ताई. पण ते म्हातारे कसे होत गेले, ते मी ऐकलंय."

खालच्या काळोखात यंत्र आपलं काम करत होतं. या क्षणीही ते ऐकत असणार, आपल्या तिघींचं बसणं, एखाद्या सपातेचं घासणं. आईला देवळात बसल्यासारखं वाटलं.

पण मुद्देमाल सापडला होता. मालकाशिवाय कुणालाही न उघडणारं फोल्डर या मुलीने उघडलं होतं, आणि ते तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं. साडेतीन वाजले होते. साहेबांना हे कळलं, तर ते पाच वाजायचीही वाट बघणार नव्हते.

५

विचार करायला ती दाराशी खुंट्यांजवळ जाऊन उभी राहिली. लेकीला नुकतेच आकडे वाचता येऊ लागले होते, त्यामुळे जगातला कुठलाही आकडा सुटत नव्हता. फळीच्या या टोकापासून तिचं वाचन सुरू झालं. अर्ध्यावर नव्या मुलीचा करडा कोट आला.

"एक आणि सात. सतरा. या कोटाची खुंटी सतरा नंबरची आहे, आई."

तिने मान हलवली आणि मग ती मान तशीच राहिली.

"काका," तिने आत हाक मारली, "ही सतरा नंबरची खुंटी आधी कुणाची होती?"

"थोरल्यांची. रिकामी झाली होती, म्हणून दिली पोरीला. नवी कुठून आणू?"

फॉर्ममध्ये तो रकाना होता. नाव, हुद्दा, खुंटी क्रमांक. तो फॉर्म तिने बनवलेला नव्हता. तिच्या आधीच्या सर्व्हरवाल्याने बनवला होता आणि तो तसाच तिच्या पदरात पडला होता. खुंटीचा नंबर तो कशाला विचारतो, असा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. वाटलं होतं, काकांच्या यादीसाठी असेल.

काकांच्याच टेबलाशी बसून तिने तो छोटा प्रोग्रॅम उघडला आणि ओळीमागून ओळ वाचत गेली. नवव्या ओळीवर थांबली. त्या माणसाने सोपं काम केलं होतं. वेधशाळेत प्रत्येकाची खुंटी ठरलेली, मग अकाउंटचा नंबर वेगळा कशाला शोधायचा? एक हजारात खुंटीचा आकडा मिळवायचा, झालं.

खुंटी सतरा. एक हजार सतरा.

तिने हात लॅपटॉपवरून उचलून मांडीवर ठेवले. चोर सापडला होता. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, मांडीवर लेक घेऊन, एका हाताने.

६

साहेबांच्या खोलीत सगळे जमले तेव्हा साडेचार झाले होते. टेबलावर पत्र तयार होतं. काकूही आल्या होत्या, कुणी न बोलावता. "मुलगी डोळ्यांनी बघायची होती," एवढंच त्या म्हणाल्या, आणि नव्या मुलीला आपादमस्तक बघून खुर्चीत बसल्या.

"नोंदींना कुणीच हात लावलेला नाही," तिने सुरुवात केली. "ठसे तसेच आहेत. पुसायला तिथे नाव नव्हतंच."

"म्हणजे?"

"सर्व्हरला नावं कळत नाहीत, साहेब. त्याला माणूस म्हणजे एक आकडा. थोरल्यांच्या प्रत्येक नोंदीवर एकच लिहिलेलं आहे, मालक एक हजार सतरा. मालक कोण असं विचारलं, की सर्व्हर एक वही उघडतो. एक हजार सतराच्या पुढे जे नाव असेल ते वाचून दाखवतो. थोरले होते तोवर तिथे त्यांचं नाव होतं. ते गेल्यावर नियमाप्रमाणे मी त्यांचं अकाउंट बंद केलं, वहीतली ती ओळ पुसली. म्हणून तीन महिन्यांपूर्वी काकांना नावाऐवजी नुसता आकडा मिळाला. मग ही आली. हिला थोरल्यांची खुंटी मिळाली, आणि आपल्याकडे खुंटीवरून अकाउंटचा नंबर पडतो. रिकाम्या ओळीवर मी हिचं नाव लिहिलं. त्या क्षणी एकतीस वर्षांचं सगळं हिचं झालं. नोंदी, बंद फोल्डर, सगळं. हिने मागितलं नव्हतं, हिला माहीतही नव्हतं."

साहेब म्हणाले, "एवढ्या वर्षांत असं कधी झालं नाही."

"आपल्याकडून कुणी गेलंच कुठे होतं?" सूचीकाका म्हणाले. "तो फॉर्म आल्यापासून खुंटी रिकामी झाली ती ही पहिलीच." मग खाली मान घालून पुटपुटले, "दिली मीच."

"पुसलं मी आणि लिहिलंही मीच," ती म्हणाली. "आकडा पुन्हा वापरायचा नसतो, हे मला माहीत होतं. फॉर्म तो वापरतोय, हे मी बघितलं नाही. पत्र द्यायचंच असेल तर वरचं नाव बदला."

साहेबांनी पत्र उचललं, दोनदा दुमडलं आणि चहाच्या कपाखाली ठेवलं. कप ओला होता. "असू दे," ते म्हणाले. "टेबलावर डाग पडतात."

नवी मुलगी इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. आता ती कुणाकडेही न बघता म्हणाली, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते."

"नव्हतीस गं," काकू म्हणाल्या. मग थांबून, "पावलांचं काय म्हणत होतीस मघाशी जिन्यावर? मी आले तेव्हा कानावर पडलं."

मुलीने वकीलबाईंच्या आईकडे बघितलं. आईने मान डोलावली.

लहानशा स्पीकरमधून आधी नुसता जमिनीचा खर्ज आला, आपण ज्याच्यावर उभे आहोत त्याच्या श्वासासारखा. मग त्यात धप, धप, धप. तरुण पावलं. मुलीने वर्षं पुढे सरकवली. पावलं जड झाली, सावकाश झाली. काकू डोळे मिटून बसल्या होत्या, बोटं मांडीवर पायऱ्या मोजत होती. अचानक त्यांनी हात वर केला.

"थांब. पुन्हा लाव तेवढं."

पुन्हा लावलं. जड पावलामागे अगदी हलकं एक दुसरं पाऊल होतं, अर्ध्या पायरीच्या अंतराने.

"ही मी आहे," काकू म्हणाल्या. "त्यांचा गुडघा सुजला होता, तेव्हा महिनाभर मी त्यांना धरून उतरवत होते. रोज म्हणायचे, तू येऊ नकोस, तुझ्यामुळे नोंद खराब होते." त्यांनी पदराने नाक पुसलं. "नोंद खराब होते म्हणे. आणि जपून काय ठेवलंय बघा."

सूचीकाका खिडकीकडे तोंड करून उभे होते. साहेबांनी चष्मा काढला होता आणि तो पुन्हा घालायचं विसरले होते. पायाखालची जमीन एकतीस वर्षं एका माणसाचं चालणं ऐकत होती, हे त्या खोलीत प्रत्येकाला एकदमच कळलं, आणि आपलेही पाय याच जमिनीवर आहेत, हेही.

बाकीचं काम वीस मिनिटांचं होतं. नव्या मुलीला तिने कुणाचाही नसलेला आकडा दिला. एक हजार सतराच्या ओळीवर थोरल्यांचं नाव परत लिहिलं. आता त्या नावाने कुणी आत येऊ शकणार नव्हतं, पण तो आकडा पुन्हा कुणाला मिळणारही नव्हता. बंद फोल्डर ऐकायची परवानगी तिने दोघींना दिली, काकूंना आणि, काकूंनीच सांगितलं म्हणून, त्या मुलीला. फॉर्ममधली नववी ओळ खोडून टाकली. सूची पुन्हा काढली आणि पहिलं पान काकूंच्या हातात दिलं. काकूंनी नावावरून एकदा बोट फिरवलं आणि पान घडी करून पर्समध्ये ठेवलं.

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. वकीलबाई आज फार वेळ गप्प होत्या, आणि त्या गप्प असल्या की आईला धास्ती वाटायची. त्या प्रत्येक पाऊल मुद्दाम हळू टाकत होत्या, खाली कुणी ऐकत असेल तर त्याला त्रास नको म्हणून.

"आई, त्या आजोबांचा नंबर रिकामा झाला, म्हणून त्यांच्या सगळ्या वस्तू त्या ताईच्या झाल्या?"

"हो. चुकून."

"तुझापण नंबर आहे?"

"आहे ना. त्या सर्व्हरमध्ये सगळ्यांचा असतो."

कोपऱ्यापर्यंत त्या चालत गेल्या. वाहनं जाईपर्यंत आईने तिचा हात घट्ट धरून ठेवला. लेक त्या हाताकडे बघत होती.

"मग तुझा नंबर रिकामा झाला, की मी कुणाची?"